तुमचं पपनस, माझ्या बापसाचं मीठ

मामा, तुमचं मडकं मी रोज भरते. सकाळी एकदा आनि उन्हं कलली की एकदा, तुमी सांगितलं व्हतं तसं. फांदीला टांगलेलं ते मडकं, त्याच्या बुडाचं भोक, भोकातली चिंधीची वात, नि वातीवरनं टिपटिप गुटीवर पडनारं पानी. तुमी गेलात त्या दिवशीपन भरलं. अंगनात मान्सं जमली व्हती, आत्या कुंकू पुसून ऊर बडवत व्हत्या, माझी तान्ही लेक, बाय, कडेवर रडून रडून निळी झालेली, आनि मी मागल्या दारानं जाऊन मडकं भरून आले. कुनी बघितलं असतं तर म्हनलं असतं, सासरा अंगनात ठेवलाय नि सून झाडाला पानी घालते. पन तुमी म्हनला व्हतात ना, या गुटीला पानी तूच घालायचं, दुसऱ्या कुनी नाय. म्हनून घातलं.

मला लिहायला येतं ते सातवीपर्यंतचं. पुढची शाळा खाडीपलीकडं व्हती नि बापसाला मिठागरावर हात पायजे व्हते. तुमाला तेवढंपन येत नव्हतं, म्हनून तुमच्या रोपांच्या पिशव्यांवर नावं मी लिहायची, पपनस, ईडलिंबू, कागदी लिंबू, महाळुंग, आनि तुमी चिठ्ठी उलटी धरून वाचल्यासारखं करायचात, मला हसवायला. आता तुमाला जे सांगायचंय ते तोंडानं सांगायला तुमी नाय. म्हनून लिहिते. भीती वाटते मामा. लिहिलं की खरं होतं.

मी या घरात आले तवा मला पपनस माहीतच नव्हतं. आमच्या खारेपाटात कुठलं पपनस. आमच्या दारात नारळ, चिंच, नि पुढं पांढऱ्या राशी मिठाच्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी मागल्या पडवीत एकटीच बसलेली, रडायचं व्हतं पन नव्या नवरीला रडायला कोपरा मिळत नाय, आनि तुमी हातात एवढं मोठं हिरवं-पिवळं फळ घेऊन आलात. मला वाटलं भोपळा. तुमी कोयत्यानं वरनं चिरा मारल्यात, साल कमळासारखी उघडलीत, आतली पांढरी गादी सोललीत, एकेक फोड काढून तिचं कातडं ओढलंत. आतनं गुलाबी. मी खाल्ली, नि तोंड वाकडं झालं. कडवट-आंबट. तुमी हसलात. म्हनलात, "थांब, तुझ्या बापसानं रुखवतात मीठ दिलंय ना? जा घेऊन ये."

मीठ लावून दुसरी फोड खाल्ली. मामा, काय गोड लागली ती. तुमी म्हनलात, "बघ, माझं पपनस नि तुझ्या बापसाचं मीठ. आता जमलं घर."

हे मी का सांगते, तर पुढं जे केलं ते मी याच गोष्टीवरनं केलं. पपनसाला मीठ आवडतं असं माझ्या डोक्यात बसलं.

ते झाड तुमचा जीव व्हतं हे मला हळूहळू कळलं. तुमी रोह्याकडल्या कुठल्या नर्सरीत पोरवयात बंडी घालून कामाला लागलात, तिथं गुटी बांधायला, म्हंजे झाडावरच फांदीला मुळ्या फोडायला शिकलात, नि मग सगळा जलम तेच केलंत. श्रावनात खांद्याला पिशवी, पिशवीत चाकू, गोनपाट, सुतळी. खांब गावापासून पार पेनपर्यंत ज्याच्या परसात चांगलं पपनस, ज्याच्या विहिरीवर चांगलं लिंबू, तिथं जाऊन गुट्या बांधायच्या आनि मुळ्या आल्या की जाऊन तोडायच्या. पाच गुट्यांतली एक तुमची मजुरी. त्या एकेकीची तुमी परत कुनाच्या तरी परसात झाडं केलीत. गनपतीच्या दिवसांत कुनाच्या घरी गेलं नि मूर्तीच्या वर टांगलेलं पपनस दिसलं की तुमी मान वर करून त्याच्याकडं बघायचात, जसं कुनी सासरी गेलेल्या लेकीकडं बघतं. आत्या म्हनायच्या, "गनपतीला पाया पड आधी, फळाला काय पडतोस."

आनि या सगळ्यांची आय म्हंजे आपल्या मागल्या दारातलं झाड. तुमच्या बापसानं लावलेलं. तुमी सांगायचात, पपनस हितलं नव्हंच, गलबतावरच्या लोकांनी दर्यापारनं आनलं, कुना खलाशानं खाऊन बी टाकली असंल बंदराला. मी विचारलं व्हतं, मग बी लावून का नाय करत झाड, गुटीचा यवढा खटाटोप कशाला. तुमी म्हनलात, बीचं झाड आपल्या मनाचं निघतं, कडू निघंल, गोड निघंल, आठ-दहा वर्सं कळत नाय. गुटीचं झाड आयच्या मनाचं. जसं आयचं फळ तसं लेकीचं.

मग मला दिवस गेले. आनि त्याच वर्साला झाडाची फळं गळली.

ज्येष्ठात लिंबायेवढी व्हती ती फळं, रोज सकाळी खाली दहा-बारा पडलेली. तुमी उचलून उचलून बघायचात, देठ बघायचात, वास घ्यायचात. म्हनायचात, होतं एखाद्या वर्साला, झाडालापन इसावा लागतो. आषाढात बाय झाली. ज्या दिवशी झाली त्या दिवशी वारं सुटलं नि उरलेली फळंपन गेली. भादव्यात गावातली मान्सं दरसालासारखी गनपतीला पपनस मागायला आली नि रिकाम्या हातानं गेली. तुमच्या इतक्या वर्सांत पयल्यांदा. आत्या त्यांना दारातनंच सांगायच्या, "यंदा लक्षुमी आली ना घरात, तिनं आल्या आल्या झाड झाडून घेतलं."

सगळी हसायची. मी आत पाळन्यापाशी बसून ऐकायची. एवढीशी दोन महिन्यांची पोर, मुठी वळून झोपलेली, तिचा पायगुन निघाला दारात. मी यांना सांगितलं तर हे डोलवीच्या कारखान्यातनं शिफ्ट करून आलेले, डोळे मिटलेले, म्हनले, "आय बोलते तिला बोलू दे, तिचं तोंड हाय." पन मामा, बायकांच्या तोंडातनं एकदा निघालं ना, की ते पोरीच्या अंगाला चिकटतं. मला माहीत हाय. माझ्या मोठ्या भैनीला चिकटलं व्हतं. ती जन्मली तवा मिठागराचा बांध फुटला व्हता. तिला लग्न होईस्तोवर लोक बांधफुटी म्हनत व्हते.

मी ठरवलं, पुढल्या साली झाडाला फळं लागली पायजेत. एवढी लागली पायजेत की आत्याला दोन्ही हातांनी वाटावी लागतील, नि मग त्यांनाच म्हनावं लागंल, पोरीच्या पायगुनानं.

दिवाळीनंतर माझा बापूस भेटायला आला, तवा त्यानं मिठाचं पोतं आनलं. लोनच्याला नि नारळाला. पोत्यावर त्याची खून, डांबरानं काढलेला मासा, आमच्या घरची सगळी पोती त्या माशावरनं वळखतात. तो बायला मांडीवर घेऊन बसला, तिला दर्याची गानी म्हनली, नि संध्याकाळची गाडी पकडून कासूला उतरून घरी गेला. माझी आय नारळ रोडावला की त्याच्या बुडाशी आळं करून टोपलीभर मीठ घालते नि वर पानी सोडते. दरसाल. नारळ लगडतात. मी लहानपनापासून बघितलेलं.

आत्या नि तुमी तुळशीच्या लग्नानंतर कोलाडला कुनाच्या तरी लग्नाला गेलात. हे कामावर. घरात मी नि बाय. बायला पाळन्यात घातली, झोका दिला, नि फावडं घेतलं. झाडाच्या बुडाशी, गडग्याच्या, दगडी बांधाच्या, बाजूला जास्ती, चारीकडनं माती काढली, मुळ्या दिसू लागेपर्यंत. आनि मीठ घातलं. टोपलीभर घालनार व्हते. मग मनात आलं, एवढं थोरलं झाड, टोपलीनं काय होनार. दुसरी घातली. मग वाटलं, फळं पन थोरलीच लागली पायजेत. मामा, मी अख्खं पोतं रिकामं केलं. वरनं विहिरीचं पानी ओतलं, वीसेक कळश्या, म्हंजे आतपर्यंत जाईल. माती लोटली, पायानं दाबली, वर पालापाचोळा पसरला. बाय उठून रडत व्हती नि मी हात जोडून झाडाला म्हनत व्हते, हिची लाज राख.

रिकामं पोतं मी गोठ्यातल्या पेंढ्याखाली दडवलं.

तुमी दुसऱ्या दिवशी आलात. बैलाला पेंढा घालायला गेलात ते बराच वेळ आलातच नाय. मी चा घेऊन गेले तर तुमी झाडाखाली उकिडवे बसलेले, हातात मातीचं ढेकूळ, जिभेला लावलेलं. मी विचारलं, काय बघताय. तुमी थुंकलात, म्हनलात, "काय नाय. कस बघतोय." मी खुशीत, की म्हाताऱ्याला कळलंपन नाय नि माती कसदार झाली.

दुपारी तुमी खनायला घेतलंत. माती काढून टोपल्या भरभरून वहाळाच्या पल्याड नेऊन टाकलीत. मग विहिरीचं पानी, कळशीवर कळशी, दिवसभर, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. डागदरानं तुमाला वझं उचलू नका म्हनून सांगितलं व्हतं, छातीत कळ यायची ना तुमच्या, मी म्हनले व्हते, मामा ठेवा ती कळशी, मी आनते. तुमी म्हनलात, तू वल्ली बाळंतीन, तू नको. झाडाला तहान लागलीय. मला वाटलं, लागली असंल. मला खरंच तेवढंच वाटलं.

त्याच आठवड्यात तुमी वहाळावर काहीतरी धूत व्हतात. आपटून आपटून धूत व्हतात. मी लांबनं बघितलं, वाटलं कांबळं असंल.

आनि मग तुमी गुटी बांधायला निघालात. कार्तिकात. ज्यानं सगळा जलम श्रावनाबिगर चाकूला हात नाय लावला तो थंडीत गुटी बांधतोय म्हनून शेजारचे अंकुशकाका गडग्यावरनं हसले, म्हनले, "म्हातारा चळला रं." तुमी हसलात नाय. विहिरीच्या बाजूची एक फांदी निवडलीत, निब्बर, सरळ. मला हाक मारलीत, म्हनलात, बायला घेऊन ये, ही तिच्या नावाची. मी बघत उभी. तुमी चाकूनं फांदीची साल गोल काढलीत, बांगडीयेवढी. माती नि शेनाचा लाडू करून त्या उघड्या जागेवर बसवलात, माझ्याकडं पाठ करून त्यावर गोनपाट आवळलंत, गोनपाटावर नारळाचा काथ्या, सुतळीचे वेढे. मी विचारलं, साल काढली तर फांदी मरत नाय का. तुमी म्हनलात, "वरनं खाली येनारं अन्न तिथं अडतं. अडलं की फांदी घाबरते. घाबरली की मुळ्या सोडते." मग मडकं टांगलंत नि मला सांगितलंत, पानी तू घालायचं.

नि जाता जाता म्हनलात, मला आठवतं, बायच्या टाळूवरनं हात फिरवत म्हनलात, "हे झाड दर्यावरनं आलं गो पोरी. पन दर्याचं पानी याला नाय सोसत. नारळाला सोसतं. ज्याचं त्याला."

मी हूं म्हनलं. तुमी नेहमीच झाडाचं काय काय बोलायचात.

पौषात पानांच्या कडा जळल्या. भाजल्यासारख्या, तपकिरी. मग पानं गळली. गडग्याकडची बाजू आधी गेली, मग मधली. तवा मला कळलं मामा. आयला निरोप धाडला, तिचा उलटा निरोप आला, नारळाबिगर कुठल्या झाडाला मीठ घालायचं नाय गो, येडी झालीस का. माझं दूध आटलं त्या दिवसांत. तुमाला सांगायचं, रोज ठरवायची. तुमी पानी ओतत असायचात, मी पदर तोंडात धरून दारात उभी राहायची, तुमी वर बघायचात, नि मी म्हनायची, चा ठेवू? तुमी म्हनायचात, ठेव.

मान्सं बघायला आली. कुनी म्हनलं नजर, कुनी म्हनलं करनी. आत्यानं तोंड उघडलं, "मी तर आषाढापासनं सांगते, ही पोर—" आनि तुमी मधीच बोललात. तुमी कधी मधी बोलायचात नाय. तुमी म्हनलात, "डिंक्या रोग लागला. पानी मी जास्ती सोडलं बुडाशी, मुळ्या कुजल्या. जलमभर दुसऱ्याला सांगितलं नि सोताच्या झाडाला चुकलो."

ज्यानं अर्ध्या तालुक्याला लिंबू-पपनस शिकवलं त्यानं भर अंगनात सांगितलं, मी चुकलो. अंकुशकाका परत हसले. ते हसले ते माझ्यावर हसायला पायजे व्हते. मी गप बसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे पन लिहिते. मला त्या वख्ताला बरं वाटलं, की डिंक्या लागलाय, मी नाय मारलं. तुमी सांगितलं म्हंजे डिंक्याच असंल.

नि मग ते भांडन. त्याचं काय करू मी. यांना डोलवीच्या जवळ खोली मिळत व्हती, मला जायचं व्हतं, आत्याच्या तोंडापासनं नि त्या वाळक्या झाडापासनं लांब. तुमी म्हनलात, पाऊसकाळापर्यंत थांबा, पोरीची गुटी उतरू दे. मी रात्रंदिवस जागलेली, बायला ताप आलेला, माझ्या तोंडातनं निघालं, "मेलेल्या झाडापायी मी माझी पोर हितं ठेवू? मेलेल्याला पानी घालून काय मिळनार हाय तुमाला?"

तुमी माझ्याकडं बघितलंत. रागानं नाय. म्हनलात, "मेलेलं नाय. एक फांदी हाय अजून." नि कळशी उचललीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीच्या काठाला तुमी बसलेले दिसलात. मला वाटलं दम खाताय. कळशी भरलेली, शेजारी ठेवलेली, थेंब सांडला नव्हता.

आत्या येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायला लागल्या, झाड गेलं नि त्यापाठी मानूस गेला. नि मग बायकांचे डोळे फिरायचे, पाळन्याकडं.

तेरावं झालं. परवा सकाळी मी मडकं भरायला गेले तर गुटीच्या काथ्यातनं पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. मला वाटलं अळी. मुळी व्हती मामा. दोऱ्यायेवढी, टोकाला पिवळी. तुमी सांगितलं व्हतं, मुळी दिसली की काथ्या हलक्या हातानं बाजूला करायचा, बघायचं किती आल्यात, पांढऱ्या असतील तर थांबायचं, तांबूस झाल्या की तोडायचं. मी सुतळी सैल केली. काथ्या बाजूला केला. आत गोनपाट. नि गोनपाटावर डांबराची शेपटी.

माशाची शेपटी. माझ्या बापसाच्या माशाची.

मी तिथंच खाली बसले. बाय कडेवर, तिनं हात घातला त्या मुळ्यांत, मी तिचा हात धरला नि तशीच बसले. तुमाला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. पेंढा काढायला गेलात तवाच. ढेकूळ जिभेला लावलंत तवा तर खात्रीच. वहाळावर आपटून आपटून जे धुतलंत ते पोतं व्हतं, त्यातला मिठाचा कन न् कन जाईपर्यंत. कांबळं नव्हतं. आनि त्याच पोत्याचा तुकडा फाडून तुमी माझ्या लेकीच्या झाडाला गुंडाळलात, नि त्यावर काथ्या घातलात, कुनाला दिसू नये म्हनून. मला मात्र दिसावं, मुळ्या आल्यावर. म्हनूनच ना पानी घालायला दुसऱ्या कुनाला नाय लावलंत?

का नाय बोललात मामा? एकदा ओरडायचं व्हतं. एक थोतरीत द्यायची व्हती. मी सगळं सांगून टाकलं असतं, मीच कळश्या आनल्या असत्या, तुमाला एक उचलू दिली नसती. तुमी त्या मिठाला धुताना मेलात. डागदर काय म्हनायचं ते म्हनू दे. माझ्या एका पोत्याला धुताना तुमची छाती गेली, नि मी तुमाला शेवटचं काय बोलले, तर मेलेल्याला पानी घालता म्हनून.

कदाचित तुमी वाट बघत व्हतात, मी आपनहून सांगीन म्हनून. रोज वर बघायचात ना माझ्याकडं. नि मी चाचं विचारायची.

मी तशीच उठले. पडवीत आत्या बसल्या व्हत्या, दोन-चार बायका भेटायला आलेल्या, बोलनं तेच, पोर झाली नि झाड गेलं, झाड गेलं नि मानूस. बाय कडेवरच व्हती. मी म्हनलं, "आत्या, झाड मी मारलं. मीठ घातलं बुडाशी. पोरीचा काय संबंध नाय. मामांना ठावं व्हतं."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "किती घातलंस?"

"पोतं."

"पोतं?" त्या म्हनल्या. "नारळालापन एवढं नाय घालत गो."

एक बाई फस्सकन हसली, नि लगेच पदर तोंडाला लावला. आत्या उठून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचं जेवन घेतलं नाय. दुसऱ्या दिवशीपन नाय. हे आले, त्यांना मी सांगितलं, हे भिंतीकडं तोंड करून बसले. यांना तुमच्यासारखं बोलता येत नाय नि तुमच्यासारखं गप बसतापन येत नाय. मला वाटलं, आता मला मायारी पाठवतील. मी बायचे कपडे पिशवीत भरून ठेवले. तुमाला खोटं नाय सांगत, भरून ठेवले.

आज सकाळी मडकं भरायला गेले. बघते तर मडकं भरलेलं. काठोकाठ. वात नवी, आत्याच्या जुन्या लुगड्याच्या काठाची.

मी नव्हतं भरलं, मामा.

मागं वळून बघितलं तर आत्या दारात उभ्या, बायला घेऊन. पोर त्यांच्या पदराला हात घालत व्हती. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, झाडाकडं बघत व्हत्या. म्हनल्या, "तो तोडायच्या आधी आठ दिवस अर्धी कापायचा. एकदम तोडली तर भिते. तुला सांगितलं नव्हतं त्यानं?"

सांगितलं व्हतंत तुमी. सगळं सांगितलं व्हतंत. अर्धी कापायची, आठ दिवस आयच्या अंगावर राहू द्यायची, मग उरलेली. लावायची ती विहिरीच्या वरच्या अंगाला, मीठ धुऊन जातं त्या वाटेला नाय. तिथं तुमी खड्डा खनून ठेवलाय, केळीला म्हनून सांगितलं व्हतंत सगळ्यांना. मी काल बघितला, तो केळीचा खड्डा नव्हं. केळीला एवढा खोल कुनी नाय खनत.

बाहेर आलेली मुळी पांढरी असली तरी आतल्या मुळ्या तांबूस झाल्यात. तुमचा चाकू आत्यानं आनून दिलाय, धार लावून. मला कापायचं भ्या वाटतं, मी या झाडाला आधीच एकदा मारलंय. तुमी म्हनायचात, एका हातानं आयला धरायचं, एका हातानं चाकू, नि डोळे मिटायचे नाय. फांदी मी धरलीय. आत्यानं बुंधा धरलाय. मी डोळे उघडे ठेवलेत, मामा.